डावीकडचा टीव्ही

रामवाडी, पेण
१२ जून १९९६

ती. सौ. अनिताताईस,
दिपिकाचा सा. न. वि. वि.

टीव्हीचं अजून ठरलं नाही. गणपतीआधी घ्यायचाच म्हणून रविवारी आप्पा आणि मी दुकानात गेलो. सारख्या मापाचे दोन रंगीत टीव्ही शेजारी शेजारी, दोन्हींवर त्याच बातम्या. उजवीकडचा छान होता. डावीकडच्यात बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा कैरीसारखा हिरवट. आप्पांनी बराच वेळ पाहिलं आणि डावीकडचा घेऊ म्हणाले. कातडीचा रंग ह्यातच खरा उतरलाय, चाळीस वर्षं गणपती रंगवतोय, मला नको शिकवू, असंही वर ऐकवलं. दुकानदार हसला. त्याला थट्टा वाटली. आईला विचारून येतो असं सांगून मी त्यांना बाहेर काढलं.

ताई, ती थट्टा नव्हती. गेल्या आठवड्यात मी आपल्या गणपतीच्या कारखान्यातली रंगांची फळी पुसली आणि डबे फिकट ते गडद असे नीट लावले. दुसऱ्या दिवशी आप्पांनी चार मूर्तींचं अंग गुलाबीऐवजी पोपटी रंगवलं आणि समाधानाने हात धुतले. ते दुपारी झोपले तेव्हा मी चारही पुन्हा रंगवल्या. ते अजून कळलेलं नाही त्यांना. त्यांच्या हातच्या म्हणून त्या जातील. हे खोटंच ना? सांगू, तर त्यांचा हात कायमचा थांबेल अशी भीती वाटते. काय करू?

भावोजींना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी पत्र लगेच टाक.
तुझी,
दिपिका

रोहा
१७ जून १९९६

चि. दिपिकास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून भात करपला. ह्यांना सांगितलं तर ते गंभीरच झाले. धाटावला ह्यांच्या कंपनीत एकाला लाल दिवा आणि हिरवा दिवा वेगळा कळेना, त्याला त्याच दिवशी मशीनवरून काढून गेटवर बसवलं. आप्पांना कुणी असं बसवलं तर ते जेवण सोडतील गो. मंडळाच्या मोठ्या मूर्तीचं काम त्यांनी घेतलंय. ती हिरवी निघाली तर सगळं पेण हसेल.

मी कारखान्यात कधी बसले नाही, रंग शिकलीस ती तू. पण चोरून रंगवणं पुरे. आधी आईला सांग. डोळ्यांच्या डॉक्टरांचं हे बघतायत. आणि पुन्हा आवराआवर करायची हौस आली तर इकडे ये, माझा माळा पडलाय.

आपली माया आहे म्हणूनच एवढं बोलले.
ताई

रामवाडी, पेण
२५ जून १९९६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टर नको. आईला सांगितलं. ती रागावली नाही, घाबरलीही नाही. पदर खोचून कारखान्यात गेली आणि डबे होते तसे लावले. गुलाबी खिडकीशी पहिला, पोपटी पार शेवटी. मग म्हणाली की लग्नाच्या पहिल्याच वर्षी आप्पांनी एक गणपती हिरवा केला होता. तिने तो लपवला आणि तेव्हापासून नवा डबा आला की ठरल्या जागी तीच लावते. त्यांची नजर जन्मापासून तशीच आहे. आजवर दोघं त्यावर एक शब्द बोललेली नाहीत. मला आठवलं, आप्पांनी मला रंग शिकवले तेही पहिला डबा, तिसरा डबा असेच. रंगाचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं.

मंडळाची मूर्ती काल रंगवून झाली. अंग गुलाबी, मी हातही लावला नाही.

आज आईही दुकानात आली. दोन्ही टीव्ही चालू होते. ती उजवीकडच्याला टेकून उभी राहिली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग दुकानदाराला ठणकावून सांगितलं की हाच बांधा, कातडीचा रंग ह्यातच खरा उतरलाय.

कुणाला सांगायचं नाय, अशी आईची शपथ आहे. तुला आधीच कळवलं होतं म्हणून एवढं लिहिलं. वाचून फाडून टाक, आणि गणपतीला याल तेव्हा टीव्ही आप्पांनी निवडला असंच म्हणा.

तुझी,
दिपिका