टॅक्सीचं दार

सप्पोरो, जानेवारी २००९

प्रिय अम्मी,

सलाम. उद्या आम्ही दुबईला परतणार आणि पुढच्या आठवड्यात अब्बा कायमचे दाभोळला येणार. मंदीत दुबईतलं अल क्वोजचं गॅरेज बंद पडलं, तेव्हा ते म्हणाले होते, "खलास. आता हातात पाना धरणार नाही." पण या सहलीची तिकिटं मी आधीच काढली होती, ती रद्द करू दिली नाहीत. जन्मभर जपानी गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाने जपान बघायलाच हवा.

इथे येऊनही ते गप्पच होते. काल बर्फात टॅक्सी थांबली आणि अब्बांनी हात लावायच्या आत मागचं दार आपोआप उघडलं.

"नौशीन, लॉक गेलंय याचं," म्हणत ते हातमोजे काढून बिजागरी तपासायला बसले. म्हाताऱ्या ड्रायव्हरने हसत आपल्या सीटजवळचा दांडा ओढून दाखवला. मग अब्बांनी ओढला. दार बंद, उघडं, पुन्हा बंद. दोघे पोरांसारखे हसत होते आणि मी बाहेर कुडकुडत होते.

हॉटेलपर्यंत अब्बा बोलतच राहिले. "जमालमामूंच्या जीपला असं दार बसवू. घरामागे शेड टाकू, इन्शाल्ला."

"पाना धरणार नव्हतात ना?"

"ग्रॅज्युएट झालीस म्हणून बापाची उलटतपासणी घेतेस?"

आज त्यांनी नवा पाना घेतला. "शेडचं अम्मीला मीच सांगणार," असं बजावलंय, म्हणून हे पत्र माझ्या बॅगेतच राहील. रजा वाढवून मीही सोबत येतेय. ते सांगतील तेव्हा तुझा चेहरा मला बघायचाय.

तुझी,
नौशीन