हाकेला येणारं कुत्रं

मनीषनगर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. उत्तरा,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, असं सवयीनं लिहितो आहे. पुण्यातली थंडी ओसरली का?

आम्हा दोघांच्या सोबतीला बॉर्डर कॉली पाठवू की बेल्जियन मॅलिनॉइस, हा तुझा प्रश्न मी मनावर घेतला. दोन्ही जातींवरची पुस्तकं मागवून वाचली. सोफ्याच्या रंगावरून कुत्रं निवडणाऱ्यांना भरसभेत जाब विचारला पाहिजे! हुशार जनावराला काम लागतं. आपण दिलं नाही तर ते स्वतः शोधतं, आणि मग आपण त्यालाच वेडं ठरवतो.

लकडगंजला भैयाजींच्या लाकडाच्या वखारीत मॅलिनॉइस पाहिला. ते "बैठ" म्हणाले, तसा तो क्षणात बसला. मी म्हटलं, तर नुसता मान वाकडी करून पाहत राहिला.

"जोरात बोला ना गा मार्तंडराव! सभेत तर तुमाले माईक नाही लागत."

मी विषय बदलला.

मग सावनेरला धर्मेंद्रकाकाच्या शेतावर आईला घेऊन गेलो. त्याची कॉली एका हाकेसरशी शेळ्या वळवून आणते. पण एवढ्या केसांत आपला मे महिना तिनं कसा काढायचा? आई परतताना म्हणाली, "हे कॉली तर तुमच्यावानीच हाय. दिवसभर कोणाले तरी हाकलत राहते. अन् ते वखारीतलं मालिशवालं तर नकोच मले. एका घरात दोन भुंकणारे काहून पाहिजे?"

बोलली आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

तर निकाल असा: उन्हाचा विचार केला तर मॅलिनॉइस, आईचा केला तर कॉली. माझा केला तर दोन्ही नकोत.

माझा घसा बसलाय असं आई तुला सांगते, ते मीच सांगायला लावलेलं आहे. कॅन्सर आहे. वीस तारखेला स्वरयंत्र काढणार. गळ्याला यंत्र लावून बोलता येईल म्हणतात, पण हाक नाही, शीळसुद्धा नाही. धर्मेंद्र म्हणतो, कॉली हाताच्या खुणांवर शिकते. शिकेलही. पण फाटक उघडं राहिलं आणि ती रस्त्याकडे धावत सुटली, तर पाठमोऱ्या कुत्र्याला माझा हात दिसणार कसा?

तू लहान असताना मी घरात फारसा बोलत नसे. उद्याच्या सभेसाठी आवाज जपायचा असे. अंगणातून "उत्तरा वं" म्हणून तुला जेवायला बोलवायची ती आई. मी ते दोन शब्द आत्ता मोठ्या अक्षरांत लिहून पाहिले. कागदातून आवाज येत नाही गं.

वीस तारखेच्या आधी ये. कुत्रं नको आणूस. रस्त्याच्या वळणावरच रिक्षातून उतर आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहा. मी हाक मारेन.

अजून आवाज असलेला,
तुझा बाबा