विटकरी पिंपाचा वारस

मी, फोदे कामासो, वय एकोणऐंशी, राहणार फाराफेन्नी, गांबिया, धंदा सायकल-दुरुस्ती, कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. पाय गेलेत, डोके शाबूत आहे.

१. घराचे दोन हिस्से धर्माप्रमाणे बायकामुलांचे. तिसरा, म्हणजे रस्त्याकडची खोली, माझ्या मर्जीचा.

२. पाने-पकडी शेजारच्या दाऊदा वेल्डरला. हवा भरायचा पंप त्याने नेला तो आणलाच नाही. तोही आता त्याचाच.

३. मुलगा बुबाकार मोठ्या पक्षाची टोपी घालून हिंडतो. त्याने माझ्या मयताला जरूर यावे. टोपी घरी ठेवावी.

४. आमचा नदीकाठ एकता पक्ष. वकिलाचा कारकून म्हणाला, "काका, पक्ष काय बैल आहे, कोणाच्या दावणीला बांधायला?" तरी लिहितो. सरचिटणीस मी आहे. माझ्यामागे जागा रिकामी राहिली तर बुबाकार पक्षाचे नाव आणि रंग मोठ्या पक्षाला देऊन स्वतःला खुर्ची मिळवील.

आमच्याकडे मत म्हणजे काचेची गोटी. ज्याला द्यायचे त्याच्या रंगाच्या पिंपात टाकायची. आमचा रंग विटकरी. मागच्या निवडणुकीत आमच्याच म्हाताऱ्यांना वाटले, हे गंजलेले पिंप भंगारातले आहे, आणि गोट्या शेजारच्या पिंपात गेल्या. बिंता आजी बाहेर येऊन मलाच म्हणाली, "फोदे, एवढा तुमचा पक्ष, पिंपाला रंग लावायला जमलं नाही होय?"

आता बैठकीला मी, दाऊदा आणि मासळीवाली न्यीमा तुरे. दाऊदा चहासाठी येतो.

५. म्हणून रस्त्याकडची खोली आणि सरचिटणीसपद न्यीमाला. तिने पक्ष चालवावा. नाहीच जमले तर आपल्या हाताने मोडावा, पण विकू देऊ नये. तिला विचारले तेव्हा मासळीची खवले काढत म्हणाली, "दादा, मेलेल्या कोंबडीपुढं दाणे टाकायला मीच सापडले?" पुढे गप्प राहिली. तो होकार धरून लिहिले आहे.

ताजा कलम: साक्षीला ठरलेला मालांग शिंपी आला नाही. न्यीमा हात पुसून पुढे झाली. मी तिला बजावले, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्ष केली तर त्याचे मिळणे रद्द होते, खोलीही आणि पदही. ती म्हणाली, "ठाऊक आहे, दादा. कुठं करू?"

मी जागा दाखवली.

लिहून ठेवणार: फोदे कामासो (सही)

साक्षीदार:
सांबा बाल्दे, इमामांचे भाऊ (सही)
न्यीमा तुरे (सही)

फाराफेन्नी, २ मार्च २०१९