लाइट गेली तरी वाफ असते

१७ जून २००७, रविवार

मामा आला आज पावस गावावरून, डोक्यावर खोका घेऊन. मला वाटलं टीव्ही. निघाला कुकर — लाइटवरचा! रघूमामा मस्कतला हॉटेलात जेवण बनवायचा, तिथून येताना आणलेला. बोलला, मामीला नको म्हणून तुम्हाला. खरं कारण आयेचा हात. मनगट अजून प्लास्टरात हाय. मे महिन्यात बापसाने पिरगळला तेव्हा काटकी मोडल्यासारखा आवाज आलेला. डॉक्टरला आयेने सांगितलं, जेटीवर घसरले.

बापूस खाटेवर पडून बघत होता. होड्या वर काढल्या. आता नारळी पौर्णिमेपर्यंत तो घरातच.

"काय रे रघू, बहिणीला माहेरचा डबा आणलास?"

"भावोजी, गॅस पेटवायला नको, काय नको. बटण दाबायचं की झालं."

"मंग तुझ्या बहिणीचं ह्या घरात काम काय?"

मामा हसला. आय पण हसली. बापूस हसत नव्हता.

१८ जून

मामाने जाताना मला सगळं दाखवलं. आयेला नाय, मला. जेवण मीच करते ना. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून. आय मच्छी कापायला जाते बंदरावर, मी घर बघते. शाळा सुटली त्याचं मला वाईट नाय वाटलं. वर्गात नाव घेतलं तरी मी नुसती मान हलवायची.

झाकणावर एक बारीक लाल दांडी हाय. आत वाफ भरली की ती वर येते. वर असली की झाकण फिरत नाय. आपोआप खाली बसली की मग उघडायचं. मामाने माझं बोट धरून त्या दांडीवर ठेवलं. "लाइट असो नायतर नसो, भाविका. ही वर हाय तोवर हात लावायचा नाय. लाइट गेली तरी वाफ असते."

मी मान हलवली. मामा म्हणतो, तू मानेनेच बोलतेस गो.

२० जून

भाताचं बटण दाबलं. भात कच्चा! आपला उकडा तांदूळ त्या मशीनला माहीतच नाय, त्याला पुलावाचा माहीत.

बापसाने पहिला घास तोंडातून काढून बघितला. मग ताट भिंतीवर मारलं. आमटी भिंतीवरून खाली येत होती, शितं चिकटून राहिली. "भावाचा डबा!" असं बोलत आयेला लाथ घातली. तिने प्लास्टरचा हात डोक्यावर धरला. तर त्याच हातावर मारलं.

भिंत मी पुसली. भात वाळला की सुटत नाय. नखाने काढावा लागतो.

२१ जून

उकड्याला दोनदा दाबायचं. पाणी वर चार बोटं.

२ जुलै

ह्या कुकरला शिट्टी नाय. मला आधी बरं वाटलं. पण शिट्टी होती तेव्हा बापूस आयेला मारायचा ते आवाजात जायचं. आय मुद्दाम मोठा कुकर लावायची, भांडण सुरू होतंय असं वाटलं की. मला ते आज कळलं, शेजारच्या मथुराकाकीमुळे. नळावर मला म्हणाली, "आधी वाटायचं तुझ्या आयेकडे रोज डाळ कशी शिजते. आता कळतं काय शिजतं ते."

बाकीच्या बायका हसल्या नाय. काकी पण नाय हसली. मी हंडा अर्धाच भरून आले.

४ जुलै

बापसाला पण कळलं. आता मारायच्या आधी टीव्ही मोठा करतो.

११ जुलै

कडव्या वालांचं बिरडं केलं. बटण दाबलं आणि केर काढला, भांडी घासली, तरी काय करपलं नाय. वाल असे मऊ झाले की आय म्हणाली, "मशीनला हात हाय की काय गो." बापसाने तीनदा घेतलं. बोलला काय नाय. बोटं चाटली, आणि तीच बोटं आयेच्या पदराला पुसली. आय दिवसभर खूश होती. मला तिचा राग आला. का आला ते लिहिता येत नाय.

सुक्या कोलंबीचे सोडे मात्र त्यात घालायचे नायत. रबर होतात.

२२ जुलै

आयेचं प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, वाळक्या बोंबलासारखा. घरी आलो तर बापूस बोलला, "आता कामाला लाग. नाटक बंद." आणि तो हात धरून बघितला, वळतो काय. आय ओरडली. त्याने आणखी वळवला.

मी मोरीत होते. मोरीचा नळ मोठा सोडला. मी पण त्याच्या टीव्हीसारखंच केलं.

२९ जुलै, रविवार

मामा आलेला. आयेच्या कपाळावर टेंगूळ. भिंतीवर आपटलेलं डोकं. बापूस गुत्त्यावर होता म्हणून मामा मोकळा बोलला.

"अक्का, चल पावसला. आत्ताच्या आत्ता. बागेत राखणीची खोली रिकामी हाय."

"आणि लोक काय म्हणतील? पोरीचं लग्न व्हायचंय रे."

"लग्नात तुझा फोटो लावायचा काय, हार घालून?"

आयेने कपाळावर पदर ओढला. मग म्हणाली, "चहा घे."

मला ओरडून सांगायचं होतं, आये, चल. आत सगळं बोलले. बाहेर चहाचा कप ठेवला. मामा गेल्यावर आयेच्या पायाशी बसले आणि तिच्या साडीची निरी धरली. ती म्हणाली, "सोड, काम हाय."

एक दिवस तो तिला मारून टाकणार. मला माहीत हाय. आयेला पण माहीत हाय.

१२ ऑगस्ट, रविवार

 सगळं लिहिते.

आज गटारी. उद्यापरवा श्रावण, म्हणून आळीत सगळ्यांकडे मटण. बापूस सकाळीच पिऊन आला, मटण आणून टाकलं आणि बोलला बारा वाजता ताट पाहिजे. मटण जून होतं. मी कांदा-खोबरं भाजून पाट्यावर वाटप वाटलं, सगळं लाइटच्या कुकरात घातलं, बटण दाबलं. दांडी वर आली. रस्सा शिजायचा वास सुटला आणि लाइट गेली.

बापूस आत आला. "ताट."

आय म्हणाली, "जरा थांब, वाफ जाऊ दे."

तेवढंच बोलली. त्याने तिच्या तोंडावर कोपर मारलं. नाकातून रक्त आलं, ब्लाउजवर पडलं. ती चुलीकडच्या भिंतीला टेकली. त्याने वरवंटा उचलला. मला वाटलं झालं, आज झालं. मी मधे जाऊन उभी राहिले. कशी गेले मला ठाऊक नाय. माझी पाठ आयेकडे, तोंड त्याच्याकडे.

तो बघत राहिला. मग कुकर ओढला, खाली बसला, दोन पायांत धरला. झाकण फिरवायला लागला. फिरेना. वर बघितलं. डोळे लाल.

"लाइट नाय. म्हणजे मेला ना हा?"

दांडी वर होती. मला दिसत होती. लाल, वर.

मी मान हलवली. हो अशी.

त्याने वरवंटा झाकणाच्या कडीवर घातला. एकदा, परत. मग असा आवाज झाला की बाहेरचे कुत्रे भुंकायला लागले. झाकण पत्र्याला लागून खाली आलं. वाफच वाफ, आणि तिच्यात बापूस ओरडत होता. एवढा बारीक आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. दोन्ही हातांवर, छातीवर, हनुवटीवर रस्सा. हाताची कातडी मोज्यासारखी सुटत होती.

मथुराकाकीचा नवरा रिक्षा घेऊन आला. सिव्हिलला नेलं. आयेने त्याच्या अंगावर पाणी ओतलं आधी. भराभर. तिच्या नाकातलं रक्त त्याच्यावर पडत होतं.

१४ ऑगस्ट

हवालदार आलेला सिव्हिलमध्ये. आय म्हणाली, "लाइट गेली. त्यांना वाटलं बंद झाला." हवालदार म्हणाला, "पंखा वाटला काय?" आणि लिहून घेतलं.

आयेच्या नाकाचं विचारलंच नाय त्याने.

मी बाकावर बसलेले. मला कोण काय विचारत नाय. न बोलणारीला कोण विचारणार.

१५ ऑगस्ट

पत्र्यावरचा रस्सा घासून काढला. वास जात नाय.

२८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सगळे नारळ घेऊन समुद्रावर गेले. बापसाला घरी आणलाय. दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यासारखे. होड्या जाणार, तो नाय जाणार. खाटेवरून शिव्या देतो. उठून मारता येत नाय.

आय भरवते त्याला. घास मोठा करते. तो "बारीक कर" बोलतो, ती आणखी मोठा करते.

३ सप्टेंबर

लाइटचा कुकर गेला तो गेलाच. आता परत जुना. पहिली शिट्टी झाली आणि बापूस खाटेवर असा उडाला की डोकं भिंतीला लागलं. हात तोंडावर घेतले. पोरासारखे.

आयेने बघितलं. डाळीला तीन शिट्ट्या पुरतात. तिने सात होऊ दिल्या. प्रत्येक शिट्टीला त्याच्याकडे बघत होती. डाळीचा चिखल झाला.

९ सप्टेंबर

मामा आला. "अक्का, आता तरी चल. हीच वेळ हाय."

"आता कशाला? आता तो काय करणार? हात बांधलेला नवरा बरा असतो रे." आणि हसली. दात दिसेपर्यंत.

मामाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. पट्टी कायमची नसते, एवढं मला पण कळतं.

१६ सप्टेंबर

गणपतीत आयेने नवी साडी नेसली. फुगडी घातली मथुराकाकीबरोबर. मनगट दुखत होतं तरी. ह्या घरात एवढी हसलेली मी तिला बघितली नव्हती. मला रात्री स्वप्नात ती लाल दांडी दिसते. सांगू कोणाला.

२५ सप्टेंबर

उजव्या हाताची पट्टी निघाली. खाली कातडी गुलाबी, चकचकीत. बापूस दुपारभर बसून मूठ वळत होता. उघडायची, वळायची.

"वळते की," बोलला.

मी कपडे घडी करत होते. मला बोलला, "भाविके, ये इकडं."

गेले.

"मी विचारलेलं त्या दिवशी. कोणीतरी मान हलवली. नशेत होतो, तरी तेवढं आठवतंय. समोर कोण होतं गो?"

मी साडीची घडी हातात घेऊन उभी राहिले. त्याने केस धरले आणि माझं तोंड खाटेच्या पाटीवर आपटलं. दात ओठात घुसला. परत ओढलं. नवीन हात, पण ताकद जुनीच.

आय चुलीपाशी होती. उलथनं तव्यावर होतं, तापलेलं. ती आली आणि ते त्या गुलाबी हातावर दाबून धरलं. मारलं नाय. दाबून धरलं. तो ओरडला, केस सुटले. तिने उलथनं काढलंच नाय. मीच तिला मागं ओढली.

आय धापा टाकत मला म्हणाली, "रघूला फोन लाव."

मथुराकाकीच्या फोनवरून लावला. तोंडात रक्त होतं. तरी बोलले. "मामा, रिक्षा घेऊन ये. आम्ही दोघी."

२६ सप्टेंबर, पावस

रिक्षात आयेला सांगितलं, मान मी हलवली होती. ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तो तुला विचारत नव्हता गो. तुझ्या डोक्यावरून मला विचारत होता. मान मी हलवली."