तायडीला थंडी सोसत नाही

४ ऑगस्ट, सकाळी ९.४०
आजपासून लॅबमध्ये नऊच्या ठोक्याला हजर. (बस चुकली.) दुसरा संकल्प: भावनाबिवना बंद. तायडीला जाऊन चौदा महिने झाले. तिच्या मांडीच्या हाडातली गाठ मात्र माझ्या फ्लास्कमध्ये मजेत वाढतेय. ज्या केमोला ती गाठ बधली नाही, तीच केमो महिन्याभरात चालवून दाखवतो. बहीण घरी ठेवून यायची. इथे फक्त सॅम्पल.

११ ऑगस्ट
गाठीच्या पेशी केमोचं लाल औषध आत घेतात आणि पंपाने बाहेर फेकतात. तायडी कडू गोळी गालात धरायची आणि आईची पाठ फिरली की कुंडीत थुंकायची. डिट्टो! हे निरीक्षण शास्त्रीय नाही. खोडायचं.

१९ ऑगस्ट
मॅडम म्हणाल्या, थोड्या पेशी नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेव, काही झालं तर हाताशी असाव्यात. हो हो म्हणालो. उणे एकशे शहाण्णव डिग्री! तायडी पंखा दोनवर असला तरी शाल मागायची. पुढच्या आठवड्यात नक्की. सध्या कामं फार.

२७ ऑगस्ट, दुपारी
आईचा फोन. कशी आहे, म्हणाली. पेशी गं आई, पेशी. हो तेच, म्हणाली, खातेय ना? वाढतेय, म्हटलं. मग पुरे कर रे औषधं, म्हणाली, किती छळशील तिला. आईला सायन्स कळत नाही. नंतर बिनऔषधाच्या फ्लास्कला जरा ताजा खुराक घातला. निव्वळ तुलनेसाठी.

५ सप्टेंबर, शुक्रवार
मोठा दिवस. आधी पंप बंद पाडणारं दुसरं औषध, मग लाल. झाकण लावताना मी सॉरी म्हणालो, असं टेक्निशियन काका म्हणतात. काहीही! फ्लास्क ठेवतो त्या उबेच्या पेटीचं गॅस सिलिंडर संपत आलंय, गॅसशिवाय पेशी जगायच्या नाहीत, असंही म्हणतात. बदलायची पाळी माझी. सोमवारी बघू. पेटीचा अलार्म सारखा कोकलत होता, बंद केला.

८ सप्टेंबर, सकाळी ८.५५
मेल्या! झाडून सगळ्या! जिंकलो! आईला फोन लावला आणि कापला. तायडी गेली, हे तिला दुसऱ्यांदा कसं सांगायचं?

८ सप्टेंबर, ११.३०
मॅडमनी एवढंच विचारलं, बिनऔषधाच्या फ्लास्कचं काय? बघितलं. आतलं गुलाबी पाणी जांभळं पडलेलं. तोही गेला. सिलिंडरचा काटा शून्यावर. औषधाने काय केलं ते आता कधीच कळणार नाही. गोठवलेल्या आहेत ना, मॅडम म्हणाल्या. हो हो म्हणालो. बाथरूममध्ये जाऊन वीस मिनिटं रडलो.

९ सप्टेंबर
नऊच्या ठोक्याला हजर. काम काही नाही. फ्लास्क टाकायचे राहिलेत.
आईचा फोन. कशी आहे, म्हणाली. झोपलीय, म्हटलं. बरं झालं, म्हणाली, झोपू दे. अंगावर काहीतरी घाल तिच्या.