पेटी क्रमांक २१२ मधला रहिवासी

१९ ऑक्टोबर, रविवार

आज पुलापलीकडून, म्हणजे अमेरिकेतून, स्वस्त चीज आणलं. सात डॉलर. खरा खर्च असा: चीज सात, पुलाचा टोल जाऊन-येऊन आठ, पलीकडे कॉफी आणि ॲपल पाय अकरा, व्हर्नासाठी सेलमधले बूट बावीस (तिला लहान झाले), आणि परत येताना आपल्याच कॅनडाच्या कस्टमवाल्या पोरानं काढून घेतलेली कोंबडी नऊ. एकूण सत्तावन्न, तेही अमेरिकन, म्हणजे आपल्या डॉलरपेक्षा भारी. इथे प्रेस्कॉटमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानात तेच चीज चौदा कॅनेडियन.

पण चीज चांगलं आहे. आणि सीमा ओलांडायचा हात चालू राहतो.

शिवाय याच फेरीत कल्पना सुचली. पलीकडे ऑग्डन्सबर्गला पार्सलच्या दुकानात माझी एक पेटी आहे, क्रमांक २१२. आमच्या गावात निम्म्या लोकांची असते. अमेरिकेतून मागवलेलं सामान तिथे उतरतं, आपण जाऊन उचलायचं. तिथे काउंटरवर एक बाई दुसरीला हळूच सांगत होती की क्रूझ कंपनीनं फक्त न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांसाठी खास भाडं काढलंय, फेब्रुवारीत, फ्लोरिडाहून सात दिवस. हळूच सांगितलेलं मला लांबून ऐकू येतं. तीस-चाळीस वर्षं लोकांच्या सेप्टिक टाक्या उपसल्या. बिलाबद्दल मालकीणबाई दाराआड काय म्हणते ते ऐकू आलं नसतं तर केव्हाच बुडालो असतो.

११ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. व्हर्नाची एकच इच्छा आहे: त्या दिवशी बोटीवर असावं आणि चारी बाजूंना फक्त समुद्र दिसावा. चाळीस वर्षांत तिनं दुसरं काही मागितलेलं माझ्या कानावर नाही.

पेटी न्यूयॉर्क राज्यात आहे. पेटी माझी आहे. मग मी कुठला?

२० ऑक्टोबर

बुकिंग केलं. पत्त्यात ‘पेटी’ न लिहिता ‘युनिट २१२’ लिहिलं. भाडं इतकं कमी की दोनदा चष्मा पुसला. पैसे परत मिळणार नाहीत अशी अट आहे, पण परत मागतोय कोण? अख्ख्या प्रेस्कॉटमधून या बोटीवर माझ्यापेक्षा स्वस्तात कोणी चढून दाखवावं.

व्हर्नाला सांगितलं. ती फ्रिज उघडून बराच वेळ आत बघत उभी राहिली. आनंद दुसरं काय. मग म्हणाली, लॉर्न, शेजारच्या ब्रॉकव्हिलच्या ट्रॅव्हलवाल्या बाई कॅनडाच्या लोकांना सवलत मिळवून देतात म्हणे, आपल्याच डॉलरात. मी म्हटलं, अगं, ते भोळ्याभाबड्यांसाठी. तू यात डोकं घालू नकोस. हिनं आयुष्यात कधी साधं बसचं तिकीट काढलेलं नाही. समजावून सांगावं लागतं.

२ नोव्हेंबर

धाकटी मेहुणी ग्लेंडा जेवायला. शाळेची बस चालवून रिटायर झाली, त्यामुळे अजूनही सगळ्यांना जागेवर बसवते. म्हणाली, दाजी, हनिमूनचं बुकिंगसुद्धा तुमचंच होतं ना? फ्लोरिडाला निघालात आणि कॉर्नवॉलला पोचलात!

कॉर्नवॉल इथून तासाभरावर. कॅनडातच.

मी शांतपणे सांगितलं, पुलावर त्या दिवशी गर्दी होती, आणि कॉर्नवॉलचं मोटेल मी पसंतीनं निवडलं. पडदे छान होते. व्हर्ना बटाटे सोलत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणजे तिलाही पडदे आठवत असणार.

हे लिहून ठेवतो: चाळीस वर्षं हा पूल ओलांडतोय, मला एकदाही कोणी परत पाठवलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

कर्लिंग क्लबमध्ये (बर्फावर दगड सरकवायचा आमचा खेळ) माझं व्याख्यान. विषय: क्रूझला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. श्रोते सात, पैकी दोन सूपसाठी आलेले. सांगितलं: टोरंटोहून उडू नका, पलीकडच्या सिराक्यूजहून उडा, तिकीट निम्म्यात. बोट सुटायच्या आदल्या दिवशीच पोचा, बर्फ कोणासाठी थांबत नाही. संत्री-सफरचंदं बरोबर नेऊ नका. आजारपणाचा आणि सहल रद्द होण्याचा विमा काढाच. (मी काढलेला नाही. मी आजारी पडत नाही आणि काही रद्द करत नाही.) अधिकाऱ्यानं विचारलं तेवढंच बोला, विनोद करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कुठे राहता, असं विचारलं तर उत्तर एकच द्या.

रेजां, माझा जुना दोस्त, क्युबेकचा प्लंबर, मागच्या खुर्चीवरून ओरडला, आणि ज्याच्याकडे दोन असतील त्यानं? सगळे हसले. मीही हसलो. त्याला पेटीचं मीच सांगितलं होतं. गुपित ठेवायला प्लंबर निवडू नये, त्याचा धंदाच गळतीवर चालतो.

४ डिसेंबर

कंपनीकडून कळवलंय: बोटीवर चढताना न्यूयॉर्कच्या रहिवासाचा पुरावा दाखवावा.

रेजां म्हणाला, गेलास बाराच्या भावात. मी म्हटलं, गड्या, पुरावा म्हणजे काय? आपल्या नावानं, आपल्या पत्त्यावर आलेली पत्रं. रेजां म्हणाला, तुला न्यूयॉर्कला पत्र लिहिणार कोण?

आहे एक माणूस.

९ डिसेंबर

पहिलं पत्र टाकलं. मजकूर: ‘प्रिय लॉर्न, ऑग्डन्सबर्गच्या घरी सगळं ठीक ना? इकडे कॅनडात फार थंडी आहे. तू इथे राहत नाहीस तेच बरं. तुझा जिवलग, एल.’

साधं, खरं वाटणारं. मला लिखाणाचा हात आहे हे आजवर कोणी सांगितलं नाही.

११ जानेवारी

पत्रं येताहेत. मी टाकतो आणि मीच आणायला जातो. चौथ्यात व्हर्नाच्या गुडघ्याची विचारपूस केली. पाचव्यात जरा रागावलो: इतकी पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही, ही कुठली रीत? पेटीपाशी उभ्यानं वाचलं आणि खरंच ओशाळलो. लगेच उत्तर लिहायला बसणार होतो, पण ते कुठल्या पत्त्यावर पाठवायचं हे ठरेना.

व्हर्नानं विचारलं, सारखा पलीकडे काय जातोस? म्हटलं, टपाल बघायला. ती म्हणाली, कोणाचं आलं? म्हटलं, माझ्यावर जीव असलेल्या एका माणसाचं. त्यावर ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

२५ जानेवारी

तयारी. पाकिटातून कॅनडाचा माग पुसला. आरोग्य कार्ड, वाचनालयाचं कार्ड, क्लबचं कार्ड, सगळं स्वयंपाकघरातल्या खणात. घराच्या कराची पावती गाडीत होती, तीही काढली. लायसन्स लागेल, ते मोज्यात. पासपोर्टवर कॅनडा एवढं मोठं छापलंय, त्याला इलाज नाही, पण जन्म कुठे व्हावा हे कोणाच्या हातात असतं? पलीकडच्या फुटबॉल संघाची टोपी घेतली. डोक्याला घट्ट होते. थोडं न्यूयॉर्क सहन करायला हवं.

रेजां म्हणाला, पुलावर तुला विचारलं की तू खरंच इकडचाच कशावरून, तर काय दाखवशील? म्हटलं, अरे, मला तिकडचा दिसायचंय! त्यानं डोक्याला हात लावला. कौतुकानंच असावं.

६ फेब्रुवारी

उद्या निघायचं. परवा बोट.

ग्लेंडा सिराक्यूजपर्यंत येतेय, स्वतःच्या गाडीतून. तिथल्या मॉलमध्ये खरेदी करायची म्हणे. दोन मोठ्या बॅगा घेतल्यात, जाताना रिकाम्या, येताना भरलेल्या. एक मी उचलून दिली. रिकामी असून कंबर धरली. हल्ली बॅगांची चाकंच भारी असतात.

व्हर्नानं विचारलं, अरे, एकदा शेवटचं विचारते, त्या बाईंच्या मार्गानं जायचं का? म्हटलं, व्हर्ना, विश्वास ठेव. ती म्हणाली, ठेवते रे. ठेवण्यातच चाळीस वर्षं गेली. मग तिनं नवा निळा पोशाख पुन्हा घडी उलगडून आरशासमोर धरला. समुद्राला शोभेल, म्हणाली. हिला त्या बोटीवर चढवलं नाही तर नावाचा हॅस्केट नाही.

७ फेब्रुवारी, सकाळ

निघालो. आमची पिकअप पुढे, ग्लेंडा मागे. पुलावर वारा, खाली नदी अर्धी गोठलेली. मी फर्मात. टोपी घातली आहे. सगळं तोंडपाठ.

७ फेब्रुवारी, दुपार. अमेरिकन कस्टमची आतली खोली

पाचव्या पत्राच्या पाठीवर लिहितोय. बाकीची चार टेबलावर आहेत.

खिडकीतली अधिकारी तरुण पोरगी, लांब वेणी. कुठे राहता? तोंडातून प्रेस्कॉट निघून गेलं. सवय वाईट. कुठे निघालात? क्रूझला. कागद दाखवा. कागदावर ऑग्डन्सबर्ग. आत या म्हणाली.

आत म्हणाली, काका, नीट सांगा, प्रेस्कॉट की ऑग्डन्सबर्ग? म्हटलं, तसं दोन्हीकडे. ऑग्डन्सबर्गला कोणत्या घरात? युनिट २१२ मध्ये. केवढं आहे? मी हातानं दाखवलं. ती म्हणाली, एवढ्यात तुम्ही राहता? म्हटलं, मी नाही, माझं टपाल.

मग तिला पत्रं सापडली. तिनं एक वाचलं, सहकाऱ्याला बोलावलं, दुसरं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, हा एल फार जीव लावतो हो तुमच्यावर. मी म्हटलं, जुनी ओळख आहे.

ती म्हणाली, बाहेर तुमच्या गाडीच्या दारावर लिहिलंय, ‘हॅस्केट सेप्टिक, प्रेस्कॉट, ऑन्टारिओ. तुम्ही भरा, आम्ही उपसतो.’ ते कोण? टोपी बदलली, दार राहून गेलं.

बरं, म्हणाली, तुम्ही कॅनडातच राहता आणि परत जाणार, असं दाखवणारं काही? कार्ड, बिल, पावती? मी मोजा काढला. लायसन्स तिनं दोन बोटांत धरलं आणि म्हणाली, यावरून गाडी चालवता येते एवढं कळलं. बाकीचं? बाकीचं खणात.

शेवटी विचारलं, या आधी कधी सीमेवरून परत पाठवलंय? मी ठणकावून म्हटलं, एकदाही नाही.

शेजारच्या खुर्चीवरून व्हर्ना म्हणाली, एकदा पाठवलंय हो बाळ. याच पुलावरून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. हनिमूनला निघालो होतो, आणि ह्यानं मला न सांगता डिकीत मैला उपसायचा पंप घेतला होता. वाटेत वॉटरटाउनला एक टाकी उपसून हॉटेलचे पैसे काढणार होता.

वेणीवाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, कॉर्नवॉलचे पडदे खरंच छान होते. व्हर्ना म्हणाली, पडदे नव्हतेच तिथे. आपण तुझा कोट लावला होता.

निकाल: आज प्रवेश नाही. घराची कागदपत्रं घेऊन पुन्हा कधीतरी या, आणि आल्यावर एकच पत्ता सांगा. (हे माझ्याच व्याख्यानातलं.)

बोट उद्या. मी व्हर्नाकडे बघू शकलो नाही. निळा पोशाख गाडीत होता.

तेवढ्यात तिनं विचारलं, बाळ, मी जाऊ शकते? पोरीनं विचारलं, तुम्ही कुठे राहता? व्हर्ना म्हणाली, प्रेस्कॉटला, जन्मापासून. पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली: विजेचं बिल, कराची पावती, परतीचं तिकीट, विमा, आणि ब्रॉकव्हिलच्या बाईंकडून आलेले बोटीचे कागद, ग्लेंडासकट तीन माणसांचे. मला म्हणाली, विमानतळावर सांगणार होते रे. तुझंही नाव आहे.

पोरीनं ते पाहिलं, तिला तुम्ही जा म्हणाली, मग माझ्याकडे पाहून नकाराची मान हलवली. माझं नाव असून उपयोग नव्हता. मी आता सिद्ध झालेला दोन पत्त्यांचा माणूस होतो.

मी म्हटलं, जा व्हर्ना. तो समुद्र तुझा आहे. तिनं माझी टोपी काढून घेतली आणि म्हणाली, डोक्यावर वळ उठलाय बघ. तिची बॅग मीच बाहेर थांबलेल्या ग्लेंडाच्या गाडीत ठेवली. ग्लेंडा काच खाली करून म्हणाली, दाजी, खणातली कार्डं जागेवर ठेवा हं.

८ फेब्रुवारी

रेजां बटर टार्ट घेऊन आला. दोन खाऊन झाल्यावर म्हणाला, कोट लावला होता? म्हणजे पुलावरून गावात पोचलं. एका दिवसात. माझ्या पत्रांना चार लागायचे.

गॅरेजात जाऊन जुना पंप पुसला. त्या दिवशी परत आलो म्हणून हॉटेलच्या बिलापायी तो विकावा लागला नाही, आणि पुढे त्याच्यावरच सगळा धंदा उभा राहिला. हे मी नेहमी माझी दूरदृष्टी म्हणून सांगत आलो.

११ फेब्रुवारी

व्हर्नाचा फोन. आवाज उड्या मारत होता. म्हणाली, चारी बाजूंना पाणीच पाणी आहे रे, लॉर्न, कुठे काठ म्हणून नाही. निळा पोशाख घातलाय. तू असतास तर! मी म्हटलं, फार पाणी बघू नकोस, गुडघा सांभाळ. ती म्हणाली, हो रे एल.

विचारलं, मी बुकिंग केल्यावर कधी गेलीस त्या बाईंकडे? म्हणाली, तू केल्यावर नाही, आधीच. सप्टेंबरात. तुला चकित करायचं होतं. मग तूच इतका खूश होऊन आलास की सांगवेना.

माझ्यासाठी घेतलेल्या तिसऱ्या खाटेवर ग्लेंडा टोप्या ठेवते.

फोन ठेवायच्या आधी भाडं विचारलं. माणशी आकडा माझ्यापेक्षा लहान. आणि डॉलर कॅनेडियन.