दुधाशी बोलणारी

आई, ही हाक मी तुला पहिल्यांदाच मारतेय. तू होतीस तोवर मी तुला मामाँ म्हणायचे, कारण तू माझ्याशी फक्त फ्रेंच बोलायचीस आणि बाबा फक्त इंग्रजी. पुण्यात तू फ्रेंच शिकवायचीस. बाबांना तुआसच्या गोदीत नोकरी लागली, आपण सिंगापूरला आलो आणि घरात हा कायदा तूच केलास. मराठी तेवढी तुम्हा दोघांची. "दोन भाषा पक्क्या होऊ देत तिच्या, तिसरीची खिचडी नको," असं तू बाबांना माझ्यादेखत मराठीतच सांगायचीस. मग तू गेलीस, आणि बाबांना मराठी बोलायला घरात मीच उरले. त्यांचं ऐकून ऐकून माझं मराठी तुला पत्र लिहिण्याइतकं झालंय.

गेले काही दिवस मला धड बसवत नाही. सेरंगूनच्या या फ्लॅटमध्ये मी आठवडाभर मुलांना चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढते. माझं पहिलं प्रदर्शन लागतंय. त्यातलं सगळ्यात मोठं चित्र तुझं आहे: तू ओट्याशी उभी, आमच्याकडे पाठ. गॅलरीवाली बाई ते बघायला आली आणि वैतागली. "बॅक ओन्ली आ? युवर मदर, मस्ट सी द फेस, लाह." शुक्रवारपर्यंत चेहरा काढला नाही तर या चित्रासाठी ठेवलेली भिंत दुसऱ्या चित्रकाराला देणार म्हणाली. म्हणून दुसऱ्या कॅनव्हासवर तुझा चेहरा काढते, पुसते, पुन्हा काढते, खाली जाऊन हॉकर सेंटरमधल्या टपरीवर कॉफी पिऊन येते, येऊन पुन्हा पुसते. नाकडोळे अगदी तुझे येतात गं. पण दरवेळी ती माझे उच्चार सुधारणारी मामाँ असते. तिच्यावर माझा राग नाही. तिनेच तर मला वाढदिवसाला रंगांची पेटी आणली, आणि कागदावर तू कुठल्या भाषेत बोलतेस असं मला कुणी विचारत नव्हतं, म्हणून मी कागदाला चिकटले ती चिकटलेच. पण मला काढायची आहे ती बाई ही नव्हे.

मला हवी आहे ती दूध तापवणारी. इथलं दूध खोक्यातून येतं, तापवावं लागत नाही, हे बाबा तुला दर महिन्याला समजावायचे आणि तू दर सकाळी ते तापवायचीसच. मी शाळेचा युनिफॉर्म घालून टेबलाशी बसलेली असते, वहीच्या मागच्या पानावर तुला काढत. तू पातेल्यावर वाकून म्हणतेस, "थांब गं बाई माझी, घाई नको करूस, आलेच मी." इतक्या मऊ आवाजात तू माझ्याशी कधीच बोलत नाहीस. एकदा मी तुझ्या मागोमाग ते सगळं वाक्य म्हणून दाखवते, शाबासकी मिळेल म्हणून. तू चटकन वळतेस, ओठांवर बोट ठेवतेस आणि फ्रेंचमध्ये म्हणतेस, "तू नाही." मग दूध उतू जातं, आणि तू मराठीत रागावतेस तेसुद्धा दुधालाच. मला त्या दुधाचा हेवा वाटायचा, आई. खरंच सांगते, जळायचे मी त्याच्यावर.

काल बाबा सकाळचा चहा घेऊन खोलीत आले. चेहऱ्याच्या कॅनव्हासकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाठमोऱ्या तुझ्यासमोर कप हातात धरून बराच वेळ उभे राहिले. त्या चित्रात ओटा आहे, तू आहेस. पातेलं तुझ्या आड गेलंय, दिसत नाही. तरी ते म्हणाले, "दुधाशी बोलतेय बघ." आणि डोळे पुसत बाहेर गेले.

मी गॅलरीवालीला फोन करून सांगितलं की चित्र असंच राहील, घ्यायचं तर घ्या. ती म्हणाली, उद्या कळवते. अजून कळवलेलं नाही. मी फोन उचलून बघते, ठेवते, पुन्हा उचलते. भिंत गेली तर वाईट वाटेल, फार वाटेल, पण तुला मी आता वळवणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आज सकाळी मी खोक्यातलं दूध तापत ठेवलं आणि ओट्याशी उभी राहून ते मुद्दाम उतू जाऊ दिलं. कुणी रागावलं नाही.